शाळेला तुमचा ‘हो’ हवाय: विस्कॉन्सिनच्या गावातला रेफरेंडम वाचायचा कसा

ऑक्टोबरात एकाच दिवशी आमच्या टपालपेटीत शाळेच्या रेफरेंडमची, म्हणजे शाळेला जास्त कर घेऊ द्यायचा का यावरच्या थेट मतदानाची, दोन पत्रकं आली. एक गुळगुळीत कागदावर, शाळा चालवणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टचं: ‘रेफरेंडम मंजूर झाला तरी कराचा दर वाढणार नाही.’ दुसरं पिवळ्या साध्या कागदावर, गावातल्या विरोधकांचं: ‘अडीच लाख डॉलरच्या घराला वर्षाला ३७५ डॉलरचा भुर्दंड.’ जेवणाच्या टेबलावर दोन्ही शेजारी ठेवली आणि बायको म्हणाली, “यातलं एक कुणीतरी धडधडीत खोटं बोलतंय.”

कुणीच खोटं बोलत नव्हतं. हे कळायला मला तीन आठवडे, दोन बैठका आणि मालमत्ता कराचं एक जुनं बिल लागलं. हा लेख त्या तीन आठवड्यांवर बेतलेला आहे. नोकरीमुळे अमेरिकेतल्या आडगावात येऊन राहिलेली मराठी कुटुंबं आता बरीच आहेत. ग्रामीण हॉस्पिटलातले डॉक्टर आहेत, कागदगिरणीतले आणि चीजच्या कारखान्यातले इंजिनियर आहेत. पहिल्यांदा मतपत्रिका हातात आली की तळाचा हा प्रश्न बहुतेकजण एकतर मोकळा सोडतात, नाहीतर ‘शिक्षणासाठी आहे ना’ म्हणून डोळे मिटून ‘हो’ करतात. मी विस्कॉन्सिनमधला असल्यामुळे तिथलीच पद्धत सांगतो. इतर राज्यांत काय वेगळं आहे ते पुढे थोडक्यात येईल.

आधी डोक्यातली जिल्हा परिषद बाजूला ठेवा

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींचा पगार राज्य सरकारकडून येतो. गावाचा हात लागतो तो लोकवर्गणीला: कुंपण, रंगरंगोटी, एखादा संगणक. इथे स्कूल डिस्ट्रिक्ट हे स्वतःच एक छोटं सरकार आहे. त्याचं निवडून आलेलं मंडळ वेगळं, हद्द वेगळी आणि कर लावण्याचा अधिकारही स्वतःचा. विस्कॉन्सिनमध्ये अशी ४२१ डिस्ट्रिक्ट आहेत. त्यांच्या हद्दी गावाच्या किंवा काउंटीच्या हद्दीशी जुळतातच असं नाही. आमच्या रस्त्याच्या पलीकडच्या घरातली मुलं दुसऱ्याच डिस्ट्रिक्टच्या पिवळ्या बसमध्ये चढतात. म्हणून पहिलं काम म्हणजे मालमत्ता कराच्या बिलावर आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टचं नाव बघणं. पत्त्यातल्या गावाच्या नावावर भिस्त ठेवू नका.

शाळा पैसे मागते म्हणजे नेमकं काय मागते

माझी सगळ्यात मोठी गैरसमजूत इथे होती. मला वाटायचं, तिजोरी रिकामी झाली म्हणून शाळा लोकांपुढे पदर पसरते. खरं तर ती परवानगी मागत असते.

१९९३ पासून विस्कॉन्सिनमध्ये प्रत्येक डिस्ट्रिक्टवर रेव्हेन्यू लिमिट आहे. राज्याचं सर्वसाधारण अनुदान आणि स्थानिक मालमत्ता कर या दोन्हींची बेरीज दर विद्यार्थ्यामागे किती असावी, याची कमाल मर्यादा राज्य ठरवतं. त्यामुळे अनुदान वाढलं आणि मर्यादा तीच राहिली, तर शाळेला जास्त पैसे मिळत नाहीत, फक्त तुमचा कर कमी होतो. आणि मर्यादा वाढवून अनुदान गोठवलं, तर तो फरक तुमच्या घरावर येतो. २०२५-२७ च्या राज्य अर्थसंकल्पात नेमकं हेच झालं. मर्यादा दर विद्यार्थ्यामागे ३२५ डॉलरनी वाढत राहिली, सर्वसाधारण अनुदान मात्र वाढलं नाही.

या ३२५ डॉलरची गोष्ट मजेदार आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात ही वाढ फक्त दोन शैक्षणिक वर्षांपुरती होती. गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी आपला अंशतः नकाराधिकार वापरून वर्षांच्या आकड्यांतले काही अंक आणि मधली छोटी आडवी रेघ खोडली. ‘२०२४-२५’ मधून जे उरलं ते २४२५! म्हणजे वाढ चारशे वर्षं चालू. प्रकरण कोर्टात गेलं आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध तीन मतांनी ती खाडाखोड वैध ठरवली. आपल्याकडच्या एखाद्या मुरलेल्या तलाठ्यानं हे वाचलं तर तो मनातल्या मनात सलाम ठोकेल.

पण विनोद बाजूला ठेवून हिशेब बघा. मर्यादेचा महागाईशी असलेला दुवा २००९ मध्येच तुटला. २०२१ ते २०२३ या दोन वर्षांत दर विद्यार्थी वाढ शून्य होती. त्याच काळात डिझेल, आरोग्यविमा आणि बसचालकांचे पगार कुठे गेले ते आपण सगळ्यांनी पाहिलं.

ग्रामीण शाळेला यात आणखी एक फास बसतो. मर्यादा पटावर मोजतात: सप्टेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी हजेरी होते आणि तीन वर्षांची सरासरी धरतात. समजा तीन-चार वर्षांत तीस मुलं कमी झाली. दर मुलामागे साधारण १२ हजार डॉलर धरले तर वर्षाचे ३ लाख ६० हजार गेले. पण ती तीस मुलं बालवाडीपासून बारावीपर्यंत विखुरलेली, एकेका वर्गातून दोन-दोन. एकही वर्ग बंद करता येत नाही, एकही शिक्षक कमी होत नाही आणि बस तेवढेच मैल धावते. ७४५ पर्यंत विद्यार्थी आणि चौरस मैलामागे दहापेक्षा कमी मुलं असलेल्या डिस्ट्रिक्टला विरळ वस्तीचं अनुदान मिळतं, दर मुलामागे ४०० डॉलर. त्यानं हे भोक बुजत नाही.

मर्यादेच्या वर जायचं तर मतदारांना विचारावं लागतं. म्हणून २०२४ या एका वर्षात राज्यभरात २४० च्या वर शालेय रेफरेंडम झाले आणि त्यांतले जवळपास सत्तर टक्के मंजूर झाले. इतक्या ठिकाणी एकाच वेळी मुख्याध्यापक उधळे निघाले असं मला तरी वाटत नाही.

प्रश्नातले तीन शब्द शोधा

मतपत्रिकेवरचा प्रश्न वकिली भाषेत असतो. एका दमात वाचला तर शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरते. त्यात फक्त तीन गोष्टी हुडका: रक्कम, मुदत, आणि प्रकार.

‘रेव्हेन्यू लिमिट ओलांडण्याची परवानगी’ असे शब्द असतील तर तो चालू खर्चाचा रेफरेंडम: पगार, बस, वीज, पुस्तकं. याचे दोन पोटप्रकार आहेत आणि सगळा खेळ एका उपसर्गाचा आहे. ‘रिकरिंग’ म्हणजे मर्यादा कायमची वर सरकली. पुन्हा कुणी तुम्हाला विचारणार नाही. ‘नॉनरिकरिंग’ म्हणजे ठरावीक वर्षांपुरती, बहुधा तीन ते पाच. मुदत संपली की मर्यादा पुन्हा खाली येते आणि शाळा पुन्हा दारात उभी राहते.

मतदारांना साहजिकच दुसरा प्रकार बरा वाटतो, मलाही वाटतो. पण त्याची किंमत आहे. चार वर्षांनी पैसे असतील की नाही हे माहीत नसलेल्या शाळेत चांगला गणिताचा शिक्षक टिकत नाही, तो शेजारच्या मोठ्या गावात जातो.

आणखी एक सापळा आहे. ‘वर्षाला ९ लाख, चार वर्षं’ असं लिहिलेलं असेल तर ते एकूण ३६ लाख. काही डिस्ट्रिक्ट चढती रक्कम मागतात: पहिल्या वर्षी ५ लाख, मग ८, मग ११. अशा वेळी पत्रकात पहिल्याच वर्षाचा भार ठळक छापलेला असला तर शेवटच्या वर्षाचा तुम्ही काढा.

‘जनरल ऑब्लिगेशन बॉंड’ असे शब्द असतील तर ते बांधकामासाठीचं कर्ज आहे: छप्पर, बॉयलर, नवी इमारत. त्याचा हप्ता रेव्हेन्यू लिमिटच्या बाहेरून वसूल होतो आणि तो पैसा पगाराला वापरता येत नाही. ‘शिक्षक कमी करताय आणि व्यायामशाळा बांधताय?’ हा प्रश्न प्रत्येक बैठकीत कुणीतरी विचारतंच, त्याचं उत्तर या फरकात आहे. प्रश्नात जी रक्कम दिसते ती मुद्दल असते. २ कोटी डॉलर वीस वर्षांसाठी ४ टक्क्यांनी घेतले तर वर्षाचा हप्ता साधारण १४ लाख ७० हजार, आणि शेवटी फेड होते सुमारे २ कोटी ९४ लाखांची. घराचं कर्ज काढलेल्याला हे समजावून सांगायला नको.

कधीकधी दोन प्रश्न एकाच मतपत्रिकेवर येतात. एकाला ‘हो’ आणि दुसऱ्याला ‘नाही’ म्हणायला पूर्ण मुभा आहे. दुसरा प्रश्न पहिल्यावर अवलंबून आहे का, एवढं मात्र बघून घ्या.

आता पेन्सिल घ्या

हा भाग घाईनं वाचू नका. मागच्या डिसेंबरचं कराचं बिल काढा. नसेल तर काउंटीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून मिळतं.

बिलावर तुमच्या घराच्या दोन किमती दिसतील. एक ‘असेस्ड व्हॅल्यू’, म्हणजे गावाच्या मूल्यांकनातली, दुसरी ‘एस्टिमेटेड फेअर मार्केट व्हॅल्यू’, म्हणजे अंदाजे बाजारभाव. रेफरेंडमच्या पत्रकातला दर दुसऱ्या किमतीला लावायचा असतो, कारण डिस्ट्रिक्टमध्ये पाच-सात गावं येतात, प्रत्येकाचं मूल्यांकन वेगवेगळ्या वर्षीचं असतं आणि राज्य ती सगळी बाजारभावाच्या एका पातळीवर आणतं. मी पहिल्यांदा नेमकी हीच चूक केली. आमच्या टाउनचं मूल्यांकन जुनं, बाजारभावाच्या ०.७० पट. घर कागदोपत्री १ लाख ७५ हजारांचं. त्यावर हिशेब केला आणि विरोधकांचं पत्रक अतिशयोक्त ठरवून मोकळा झालो. खरी किंमत होती अडीच लाख. पिवळा कागद बरोबर होता.

दर काढणं सोपं आहे. सोयीसाठी गोल आकडे घेतो. डिस्ट्रिक्टमधल्या सगळ्या मालमत्तेची किंमत ६० कोटी डॉलर, मागणी वर्षाला ९ लाख. ९ लाखांना ६० कोटींनी भागा आणि हजारानं गुणा. येतात दीड डॉलर. दर हजार डॉलर किमतीमागे दीड डॉलर, याला इथे मिल रेट म्हणतात. अडीच लाखांचं घर म्हणजे २५० हजार. २५० गुणिले दीड, ३७५ डॉलर. महिन्याला ३१ डॉलर आणि वर थोडी चिल्लर.

मग गुळगुळीत पत्रक ‘दर वाढणार नाही’ कसं म्हणत होतं? वीस वर्षांपूर्वी बांधलेल्या इमारतीचं कर्ज त्याच वर्षी फिटत होतं. त्याचा हप्ताही ९ लाखांच्या आसपास. तो दीड डॉलरचा दर जाणार आणि त्याच जागी नवा दीड डॉलर येऊन बसणार. दर जिथल्या तिथे. पण रेफरेंडम पडला असता तर तोच दर दीड डॉलरनी खाली आला असता! दोन्ही पत्रकं खरी. एकानं आजच्या बिलाशी तुलना केली, दुसऱ्यानं ‘नाही’ म्हटल्यावर येणाऱ्या बिलाशी. मतदाराला उपयोगी तुलना दुसरी, कारण मत देताना निवड ‘हो’ आणि ‘नाही’ यांतच करायची असते. बैठकीत हा एकच प्रश्न विचारा: “रेफरेंडम नामंजूर झाला तर पुढच्या वर्षी दर किती असेल?” आमच्या बिझनेस मॅनेजर बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मग प्रामाणिकपणे आकडा सांगितला. मागच्या रांगेत कुजबुज झाली.

हिशेबात अजून एक वळण आहे. शाळेनं खर्च वाढवला की पुढच्या वर्षीच्या राज्य अनुदानावर परिणाम होतो. सूत्राचा गाभा असा: दर विद्यार्थ्यामागे मालमत्ता कमी असलेल्या डिस्ट्रिक्टला वाढीव खर्चाचा काही वाटा राज्याकडून परत मिळतो. मालमत्ता जास्त असेल आणि खर्चही एका पातळीच्या वर गेला असेल, तर प्रत्येक जादा डॉलरमागे अनुदान उलट घटतं. म्हणजे शाळेला एक डॉलर मिळायला करदात्यांना डॉलरपेक्षा जास्त भरावे लागतात. राज्याच्या उत्तरेकडच्या तळ्याकाठच्या गावांत, ईगल रिव्हर आणि मिनॉक्वाच्या बाजूला, हे दुखणं जुनं आहे. शिकागो-मिलवॉकीवाल्यांच्या सुट्टीच्या घरांमुळे डिस्ट्रिक्ट कागदावर श्रीमंत दिसतं, पण वर्षभर राहणारा माणूस हॉटेलात नाहीतर लाकडाच्या वखारीत राबणारा असतो. त्या सुट्टीच्या घरांचे मालक कर भरतात, मत मात्र देऊ शकत नाहीत, कारण मत राहत्या पत्त्यावर मिळतं.

म्हणून पत्रकातल्या आकड्यात अनुदानातला बदल धरलाय का, हे विचारा. आणि पुढच्या वर्षांत मालमत्तेची किंमत किती टक्क्यांनी वाढेल असं गृहीत धरलंय, तेही. तो टक्का फुगवला की दर आपोआप कमी दिसतो.

शेतकऱ्यांसाठी एक गोष्ट. विस्कॉन्सिनमध्ये कसत्या शेतजमिनीचं मूल्यांकन विक्रीच्या भावानं होत नाही, शेती म्हणून तिच्या उपयोगावर होतं. त्यामुळे ‘दोनशे एकरवाला मरेल’ हे बैठकीत ऐकू येतं तितकं सरळ नाही. त्याचं घर मात्र पूर्ण भावानं धरलं जातं, शेताला लागून असलेली झाडी निम्म्या भावानं. आमचे शेजारी दूधवाले होते, दोन वर्षांपूर्वी गायी विकल्या. त्यांनी मला त्यांचं बिल दाखवलं. जमिनीचा कर माझ्या अपेक्षेपेक्षा फारच कमी होता आणि घराचा माझ्याएवढाच. फरक एवढाच की माझा पगार चालू आहे आणि त्यांची पेन्शन तीच आहे. कमी उत्पन्नाच्या घरांसाठी राज्याची होमस्टेड क्रेडिट नावाची सवलत आहे. ती अर्ज करून मागावी लागते आणि भाडेकरूंनाही मिळते. शेजाऱ्यांना ती माहीतच नव्हती.

शाळेत जा, आणि तळघरात जा

माहिती बैठका शाळेच्या कॅफेटेरियात होतात. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसलेली असतात, बहुधा ओळखीचे तेच चाळीस चेहरे. सादरीकरण झालं की निघू नका. इमारत दाखवायला सांगा, नकार सहसा मिळत नाही.

आम्हाला इमारतीची देखभाल करणाऱ्या कस्टोडियननं बॉयलर दाखवला. १९६० च्या दशकातला, मिनीबसएवढा. त्याचा एक सुटा भाग आता मिळत नाही म्हणून त्यानं तो गावातल्या वेल्डरकडून घडवून घेतला होता. वेल्डिंगच्या सांध्यावर त्यानं खडूनं तारखा लिहून ठेवल्या होत्या, एकाखाली एक, सात. वरच्या मजल्यावरच्या रंगीत स्लाइडपेक्षा मला ती खडूची यादी जास्त पटली. आणि त्याच फेरीत असंही दिसलं की ‘जीर्ण’ म्हणून दाखवलेल्या खिडक्या ठणठणीत होत्या. दोन्ही डोळे उघडे ठेवले की दोन्ही दिसतं.

कागदपत्रांत मी काय पाहिलं ते सांगतो. गेल्या दहा वर्षांचा तिसऱ्या शुक्रवारचा पट. फंड बॅलन्स, म्हणजे शाळेची गंगाजळी. ती फारच मोठी असेल तर आधी ती का वापरत नाही हे विचारा. अगदीच आटलेली असेल तर शाळा अनुदानाचा हप्ता येईपर्यंत व्याजानं पैसे उचलून पगार देत असण्याची शक्यता मोठी, तो खर्च वेगळा. मग ओपन एनरोलमेंटचे दोन आकडे. १९९८ पासून पालकांना मूल शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये घालता येतं आणि मुलामागे ठरावीक रक्कम त्याच्यासोबत जाते. बाहेर जाणारी मुलं आत येणाऱ्यांच्या दुप्पट असतील तर दुखणं फक्त पैशाचं नाही, आणि रेफरेंडमनं ते बरं होईलच असं नाही. शेवटी विशेष शिक्षणाचा खर्च. तो कायद्यानं करावाच लागतो, पण राज्य त्याचा थोडाच भाग परत देतं. २०२५-२७ च्या अर्थसंकल्पानं तो वाटा ४२ आणि मग ४५ टक्क्यांवर न्यायचं ठरवलं, आधी तो एक तृतीयांशाच्या आसपास होता. उरलेलं सर्वसाधारण निधीतून जातं.

कुणी कागद द्यायला टाळाटाळ केली तर राज्याचा सार्वजनिक दस्तऐवज कायदा आहे, आपल्या माहितीच्या अधिकारासारखा. एक साधी ईमेल पुरते.

सगळ्यात अवघड प्रश्न असतो: ‘नाही म्हटलं तर काय कापणार?’ उत्तरात नेहमी बँड, फुटबॉल आणि चित्रकला पुढे येतात, कारण त्यांनी पालक हलतात. रकमेसकट यादी मागा आणि तिची बेरीज करा. आमच्याकडे ती बेरीज मागणीच्या निम्मीच भरली. उरलेलं ‘एकेका वर्गातली मुलं वाढतील’ या एका वाक्यात होतं.

मत कोणाला, कधी

हा भाग छोटा आहे पण यात चूक महागात पडते. मत फक्त अमेरिकन नागरिकाला. ग्रीन कार्ड असलेल्यानं कितीही वर्षं कर भरलेला असो, मतदार नोंदणीच्या अर्जावर सही करायची नाही. लायसन्सच्या कार्यालयात कुणी विचारलं तरी नाही. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ते आडवं येतं, देशाबाहेर काढण्यापर्यंत जाऊ शकतं. बैठकीला जायला, पत्र लिहायला कुणाचीच ना नाही.

नागरिक असाल, वय १८ आणि त्या पत्त्यावर २८ दिवस राहत असाल तर मतदानाच्या दिवशी केंद्रावरही नोंदणी होते. पत्त्याचा पुरावा आणि फोटो ओळखपत्र न्या. रेफरेंडम ठरलेल्या निवडणुकांच्या दिवशीच घेता येतात: फेब्रुवारी, एप्रिल, ऑगस्ट, नोव्हेंबर. प्रश्न निदान ७० दिवस आधी दाखल करावा लागतो, म्हणजे तुमच्याकडे दहा आठवडे असतात. एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी गर्दी कमी असते, त्यामुळे छोट्या डिस्ट्रिक्टमध्ये निकाल पाच-पंचवीस मतांवर फिरू शकतो. मंजुरीला साधं बहुमत पुरतं.

आणि एक गोष्ट जी फार कमी लोकांना ठाऊक असते. विस्कॉन्सिनमधल्या बहुतेक डिस्ट्रिक्टची वर्षातून एकदा वार्षिक सभा होते, साधारण उन्हाळा ते ऑक्टोबरच्या दरम्यान. तिथे कुठलाही पात्र मतदार जाऊन कराच्या रकमेवर हात वर करून मत देऊ शकतो. थेट ग्रामसभाच! आमच्याकडे गेल्या वेळी अकरा माणसं होती, त्यांतली सात मंडळाची.

प्रचार करायचा असेल तर

शाळेला सरकारी पैशातून माहिती देता येते, ‘हो म्हणा’ असं सांगता येत नाही. म्हणून डिस्ट्रिक्टच्या पत्रकात कधी आर्जव दिसत नाही. अंगणातल्या पाट्या, दारोदार फिरणं हे स्वयंसेवकांच्या समितीचं काम. सामील व्हाल तर एक अनुभव: ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांच्या दारात वेळ घालवू नका. ज्यांची मुलं वीस वर्षांपूर्वी शिकून गेली त्यांच्याकडे जा, आणि हातात त्यांच्याच घराचा हिशेब घेऊन जा. ‘मुलांचं भविष्य’ म्हटलं की दार हळूच मिटतं. ‘तुमच्या बिलात इतके डॉलर’ म्हटलं की आत बोलावतात, कॉफी विचारतात, आणि मग भांडतात. ते भांडण चांगलं.

इतर राज्यांत

न्यू जर्सीत कर वाढ दोन टक्क्यांच्या मर्यादेत असेल आणि शालेय निवडणूक नोव्हेंबरला हलवलेली असेल तर वार्षिक बजेटवर मतदान होतच नाही, मर्यादेच्या वर गेलं तरच विचारतात. टेक्सासमध्ये २०१९ पासून शाळेच्या बॉंडच्या प्रश्नात ‘ही मालमत्ता करातली वाढ आहे’ हे वाक्य छापावंच लागतं, मग प्रत्यक्षात दर वाढो न वाढो. कॅलिफोर्नियात शाळेच्या बॉंडला २००० पासून ५५ टक्के मतं पुरतात. वॉशिंग्टनमध्ये बॉंडला ६० टक्के लागतात, चालू खर्चाच्या लेव्हीला, म्हणजे शाळेसाठी लावलेल्या मालमत्ता कराला, २००७ पासून साधं बहुमत. आयडाहोत बॉंडला दोन तृतीयांश, आणि तिथल्या गावांत साठ टक्के लोकांनी ‘हो’ म्हणूनही छप्पर गळत राहतं. हिशेबाची रीत मात्र सगळीकडे हीच: मागणी भागिले एकूण मालमत्ता, गुणिले तुमचं घर.

निकालानंतर

नामंजूर झाला म्हणजे शाळेला लगेच कुलूप लागत नाही. मंडळ बहुधा रक्कम कमी करून पुढच्या निवडणुकीला परत येतं. वर्षात दोन तारखांच्या वर मात्र विचारता येत नाही. टोकाला काय होतं ते आग्नेय विस्कॉन्सिनमधल्या पामायरा-ईगल डिस्ट्रिक्टनं पाहिलं. एप्रिल २०१९ मध्ये चालू खर्चाचा रेफरेंडम पडला, मंडळानं त्याच उन्हाळ्यात डिस्ट्रिक्ट बरखास्त करण्याचा ठराव केला. दरम्यान मुलं शेजारच्या शाळांत गेली, म्हणजे पट आणखी घसरला. जानेवारी २०२० मध्ये राज्याच्या सीमा-अपील मंडळानं बरखास्ती नाकारली आणि शाळा उरलेल्या मुलांसह चालू राहिली. दुसरी वाट विलीनीकरणाची. पार्क फॉल्स आणि ग्लिडन २००९ मध्ये एकत्र येऊन शवॉमेगन (Chequamegon) डिस्ट्रिक्ट झालं. नकाशावर सोपं दिसतं, पण हिवाळ्यात बसमध्ये बसणाऱ्या सहा वर्षांच्या पोराला त्यातले मैल मोजावे लागतात.

आमचा रेफरेंडम मंजूर झाला. मी ‘हो’ म्हटलं होतं, बायकोनं ‘नाही’. तिचं म्हणणं होतं की खिडक्यांचे पैसे वगळून परत या, आणि त्यात तथ्य होतं.

मंडळ १ नोव्हेंबरपर्यंत लेव्ही ठरवतं, बिल डिसेंबरात येतं, पहिला हप्ता ३१ जानेवारीपर्यंत आणि दुसरा ३१ जुलैपर्यंत भरता येतो. बिल आलं की फक्त एकूण आकडा बघून फ्रीजवर लावू नका. तळाशी एक छोटा चौकोन असतो, मतदारांनी मंजूर केलेल्या तात्पुरत्या करवाढींचा. त्यात डिस्ट्रिक्टचं नाव, तुमच्या मालमत्तेवर त्यापोटी पडलेली रक्कम, आणि ती वाढ कोणत्या वर्षी संपते ते छापलेलं असतं. ते वर्ष मी पेननं गोल करून ठेवलंय.